गोलंदाजाचं नाव कुठे आहे? परंड्याची तोफ, गारदी आणि भाड्याचे पायलट

आजचा भाग मेका ॲनिमे बघणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांनी आयुष्यात एकही ॲनिमे बघितलं नाही त्यांच्यासाठी पण आहे. दोघांनाही शेवटी परंड्याच्या किल्ल्यातच यायचंय.

आधी मेका म्हणजे काय ते सांगतो. माणसासारखं दिसणारं अवाढव्य लढाऊ यंत्र, आणि त्याच्या आत बसून ते चालवणारा माणूस. १९७२ चं माझिंगर झेड घ्या, १९७९ चं गंडम घ्या. यंत्र कितीही भारी असलं तरी गोष्ट कायम आतल्या पोराची असते. तो घाबरतो, थकतो, कधी कधी म्हणतो की मला नाही लढायचं. मग ते सगळं लोखंड नुसतं उभं राहतं.

या प्रकारात एक कथा पुन्हा पुन्हा येते. कुठंतरी कडेला, सरहद्दीवर एक छोटी वस्ती असते. तिच्याकडे स्वतःचं सैन्य नसतं. लुटारू येणार असतात. मग गावकरी बाहेरून लढणारी माणसं भाड्यानं आणतात. २००४ मध्ये आलेल्या सामुराई सेव्हन या मालिकेत हेच आहे. कन्ना नावाचं भात पिकवणारं गाव, यंत्राचं शरीर घेतलेले लुटारू, आणि भाताच्या बदल्यात लढायला आलेले सात सामुराई. ही मालिका आली कुरोसावाच्या १९५४ च्या सेव्हन सामुराईवरून. आणि आपल्याकडं १९७५ ला त्याच कुळातला शोले आला. रामगड, ठाकूर, आणि पैसे देऊन बोलावलेले जय-वीरू. म्हणजे ही गोष्ट आपल्या आजोबांना पण पाठ आहे, फक्त त्यात रोबो नव्हता.

आता माझा प्रश्न असा आहे. पैसे देऊन आणलेला माणूस शेवटपर्यंत थांबतो का? सिनेमात थांबतो, कारण लेखकाला तो थांबायला हवा असतो. खऱ्या आयुष्यात काय होतं? याचं उत्तर शोधायला जपानला जायची गरज नाही. आपला धाराशिव जिल्हा पुरेसा आहे.

कारण आपला जिल्हा शेकडो वर्षं सरहद्दच होता. नकाशा डोळ्यासमोर आणा. आधी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांची सीमा इथं. मग मुघल आणि आदिलशाहीची. मग पेशवे आणि हैदराबादच्या निजामाची. आणि शेवटी, पार १९४८ पर्यंत, इकडं निजामाचं राज्य आणि तिकडं बार्शी-सोलापूर मुंबई इलाख्यात. म्हणून तर परंडा आणि नळदुर्ग यांच्यासारखे भक्कम किल्ले आपल्याकडं आहेत. सुखानं नांदणाऱ्या मुलखात कोण कशाला एवढे बुरुज बांधतंय?

या सरहद्दीवरचं त्या काळातलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे तोफ. आणि ते चालवणारा म्हणजे गोलंदाज. हो, तोच शब्द. आज आपण बुमराहला गोलंदाज म्हणतो, पण मूळचा गोलंदाज तोफेतून गोळा टाकायचा.

आणि हे काम म्हणजे नुसती बत्ती लावून कान झाकणं नव्हतं बरं का. एकदा गोळा सुटला की नळीत जळते कण राहतात. ते ओल्या बोळ्यानं विझवायचे, नाहीतर पुढची दारू भरतानाच भडका उडणार आणि भरणारा जाणार. मग दारू मापात टाकायची, गजानं ठासायची, गोळा बसवायचा, मागच्या छिद्रात बारीक रंजक भरायची आणि मग बत्ती. दारू कमी पडली तर गोळा अलीकडंच पडतो. जास्त झाली तर तोफच फुटते, आणि तेव्हा शत्रू लांब असतो, गोलंदाज जवळ असतो. धातू किती तापलाय, हवा किती दमट आहे, दारू कुठल्या दर्जाची आहे, हे सगळं त्या माणसाला अंदाजानं कळायला लागायचं. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावानं यायचं. म्हणूनच ते महाग होतं, आणि म्हणूनच दख्खनचे सुलतान ते लांबून विकत आणायचे. तुर्कांच्या मुलखातून आलेले लोक इथं रूमी म्हणून ओळखले जायचे. फिरंगी असायचे, हबशी असायचे. ज्याला तोफ कळते त्याला पगार, मग तो कुठलाही असो.

आता एका तोफेची गोष्ट. १५४९ साली अहमदनगरला एक तोफ ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी. नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाची राजा. वजन सुमारे ५५ टन, लांबी चार मीटरच्या पुढं, आणि तोंड एवढं मोठं की माणूस आत बसू शकतो. त्या तोंडाला जबडा उघडलेल्या सिंहाचा आकार दिलाय आणि त्याच्या दातांत हत्ती सापडलेला दाखवलाय. म्हणजे बघा, पावणेपाचशे वर्षांपूर्वी पण मोठ्या यंत्राला चेहरा द्यावासा वाटायचा. गंडमच्या डिझायनरला हे दाखवलं तर तो खूश होईल.

ही तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये मुरार पंडितांनी ती विजापूरला नेली. ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आज ती विजापूरच्या शेरजा बुरुजावर आहे. तिथले लोक अजून एक सांगतात, की तिचा आवाज एवढा भयंकर होता की बत्ती दिल्यावर गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या टाक्यात बुडी मारायचा. खरं-खोटं बाजूला ठेवा. पण लोकांच्या आठवणीत तोफेसोबत तो बुडी मारणारा माणूस राहिला, हे मला आवडतं.

आता परंड्याला काय झालं ते नीट क्रमानं ऐका, कारण आजच्या भागाचा सगळा मुद्दा यात आहे.

१६३० च्या आसपास मुघल सरदार आझम खान परंड्यावर चालून आला. वेढा घातला. किल्ला पडला नाही. तो काळ दख्खनमधल्या भयानक दुष्काळाचा. जनावरांना चारा नाही, सैन्य टिकणार कसं? आझम खानाला उठावं लागलं. म्हणजे पहिला वेढा फसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला हातचा गेला. पण लढून नाही. निजामशाही मोडकळीला आली होती, आणि किल्लेदार आका रिझवाननं परंडा आदिलशाहीच्या हवाली केला. तोफा जाग्यावर, भिंती जाग्यावर, खंदक भरलेला. फक्त किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या. मलिक-ए-मैदान विजापूरला गेली ती यानंतर.

मग १६३४. आता शहाजहानचा मुलगा शाहशुजा आणि जुना मुरलेला सेनापती महाबत खान, दोघं मिळून परंड्यावर आले. लक्षात घ्या, सगळ्यात मोठी तोफ आता किल्ल्यात नाही. पायलट आहेत, पण तो मोठा रोबो गेलाय. तरीही किल्ला पडला नाही. कित्येक कोसांपर्यंत गवताची काडी उरली नाही, सरदारांची आपापसात भांडणं लागली, पाऊस तोंडावर आला, आणि एवढं मोठं मुघल सैन्य परत गेलं. दुसरा वेढाही फसला.

आणि १६६० मध्ये काय झालं? आदिलशाहीचा किल्लेदार गालिब यानं बक्षिसाच्या आणि मोठ्या हुद्द्याच्या बदल्यात किल्ला मुघलांना देऊन टाकला.

हिशेब मांडू. दोनदा वेढा, दोन्ही वेळा किल्ला टिकला. दोनदा सौदा, दोन्ही वेळा किल्ला गेला. परंडा तोफेनं पडला नाही, तो आतून विकला गेला. आणि विकणारा कोण, तर वर बसलेला किल्लेदार. बुरुजावर तापलेल्या तोफेपाशी उभं राहून ज्यांनी दोन वेढे परतवले, त्यांना सौदा होताना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आपण पटकन म्हणून टाकतो की भाड्यानं आलेला माणूस काय जीव देणार. पण परंड्याचा अनुभव म्हणतो, फुटणारा माणूस बऱ्याचदा वरचा असतो.

याच मुद्द्याची दुसरी बाजू बघायला आपण थोडं पूर्वेला सरकू. उदगीर आणि औसा. आज हे लातूर जिल्ह्यात आहेत, पण १९८२ ला लातूर वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. १७६० च्या फेब्रुवारीत इथं सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडीत पकडलं आणि हरवलं. त्या विजयात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा.

हा इब्राहिमखान आधी कुणाकडं होता? निजामाकडंच! फ्रेंचांच्या पद्धतीनं तयार झालेला माणूस. निजामाची नोकरी सुटली, भाऊंकडं लागली, आणि काही महिन्यांत तो जुन्या मालकावर तोफा डागत होता. आज कंपनी बदलल्यावर आपण जुन्या कंपनीचा क्लायंट नव्या कंपनीत घेऊन येतो ना, तसंच काहीसं. त्या काळात याला कुणी नाक मुरडत नव्हतं. पेशा होता तो.

पण त्याची एक अट होती आणि ती मराठी सरदारांना खटकायची. पगार दर महिन्याला, वेळेवर, रोख. लुटीतला वाटा बघू, पुढं बघू, असलं काही नाही. घोड्यावरच्या मानाच्या सरदारांना वाटायचं, हा कसला शिपाई, हा तर कारकुनासारखा तारखेवर बोट ठेवतो.

आणि मग आलं पानिपत. १४ जानेवारी १७६१. त्या दिवसाचा वृत्तांत काशिराज यानं लिहून ठेवलाय. हा माणूस शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या बाजूचा. तो सांगतो की लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडं आला. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की मी पगारासाठी तगादा लावायचो म्हणून तुम्ही नाराज असायचात. या महिन्यात तर आमचा पगार झालेलाच नाही. पण हरकत नाही, आज आम्ही आमचं काम करून दाखवतो. आणि त्यानं दाखवलं. त्याच्या पलटणी रोहिल्यांवर तुटून पडल्या आणि जवळपास संपल्या. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि अफगाण छावणीत मारला गेला.

समोर त्याच्याच धर्माचं सैन्य होतं, पगार थकलेला होता, आणि तरी तो फिरला नाही. का? मला वाटतं, कारण त्याच्याशी केलेला करार आजवर पाळला गेला होता. ज्याला दर महिन्याला शब्द पाळलेला दिसतो, तो एखाद्या महिन्यात उधारीवर जीव द्यायला तयार होतो. तगादा लावणं म्हणजे बेइमानी नव्हे. उलट, जो तोंडावर हिशेब मागतो तो पाठीमागं सौदा करत नाही.

याची उलटी बाजू पण आपल्याच इतिहासात आहे. पानिपतानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३. पुण्यात शनिवारवाडा. गारदी वाड्यात शिरले तेच थकलेल्या पगाराची ओरड करत. आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागचं कारस्थान घरातलंच होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बघा, नाव तेच, गारदी. पेशा तोच. एका ठिकाणी थकलेल्या पगारावर जीव दिला, दुसऱ्या ठिकाणी थकलेल्या पगाराची सबब करून जीव घेतला. मधला फरक कुठला? दुसऱ्या ठिकाणी त्यांना वापरणारे घरचेच लोक होते, आणि त्यांनी त्यांना पहारेकरी म्हणून ठेवलंच नव्हतं, हत्यार म्हणून ठेवलं होतं.

आता शेवटचा थांबा, नळदुर्ग. आणि इथं खरोखरचे पायलट येतात.

१९४८. देश स्वतंत्र झालाय, पण आपला जिल्हा अजून निजामाच्या राज्यात आहे. जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नावच निजाम उस्मान अली खान याच्यावरून. रझाकारांचा धुमाकूळ चाललाय, आणि त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. गावंच्या गावं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेलीत. तिथल्या कॅम्पांतून पोरं रात्रीची परत येऊन नाकी आणि चौक्यांवर हल्ले करतायत.

हैदराबादला शस्त्रं पाहिजेत, पण चारी बाजूंनी भारत. मग निजाम सरकारनं काय केलं? पायलट भाड्यानं घेतला. सिडनी कॉटन. ऑस्ट्रेलियन माणूस, दुसऱ्या महायुद्धात विमानातून गुप्त फोटो काढण्यात नाव कमावलेला. त्यानं लँकॅस्ट्रियन नावाची विमानं मिळवली. ही विमानं म्हणजे लँकॅस्टर बॉम्बरचंच नागरी रूप. आणि कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबाद राज्यात शस्त्रं उतरवायला सुरुवात केली. म्हणजे सरहद्दीवरच्या राज्याचं रक्षण करायला पैसे देऊन आणलेले पायलट आणि त्यांची अवाढव्य यंत्रं. कथेचा सगळा मसाला हजर.

पण पुढं काय झालं? १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय सैन्य निघालं. पहिली लढाई नळदुर्गला, आपल्या बोरी नदीपाशी. बोरीवरचा पूल उडवायच्या आत सैन्यानं तो धडधाकट ताब्यात घेतला, आणि शीख पलटणीनं नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला चढवला. ज्या किल्ल्यात आदिलशाहीनं १६१३ मध्ये धरणाच्या पोटात पाणीमहाल बांधला, ज्याच्या उपळ्या बुरुजावरून लांबलांबचा मुलूख दिसतो, तो एका दिवसात हातचा गेला. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. सिडनी कॉटनला पुढं ब्रिटनमध्ये बेकायदा शस्त्रं नेल्याबद्दल दंड झाला. तो घरी गेला. त्याची सरहद्द नव्हतीच ती.

इथं कॉटनला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. त्यानं ठरलेलं काम केलं. प्रश्न असा की ती बंदूक कुणाच्या रक्षणासाठी होती? सामुराई सेव्हनमध्ये गावकरी स्वतःच्या ताटातला भात देऊन सामुराई आणतात, आणि स्वतः धनुष्य घेऊन शेजारी उभे राहतात. रामगडलाही शेवटी गाव जय-वीरूच्या मागं असतं. १९४८ ला आपल्या जिल्ह्यातली वस्ती निजामाच्या भिंतीच्या आत राहायलाच तयार नव्हती. रिकाम्या गावाचं रक्षण जगातला कुठलाही पायलट करू शकत नाही.

तर मंडळी, परंडा, पानिपत आणि नळदुर्ग एका माळेत ओवले तर मला एवढं दिसतं. यंत्र किती मोठं आहे याच्यावर फार काही ठरलं नाही. मलिक-ए-मैदान गेल्यावरही परंडा टिकला. भाड्याचा माणूस आहे की घरचा, याच्यावरही ठरलं नाही. ठरलं ते दोन गोष्टींवर. चालवणाऱ्याशी केलेला करार पाळला का? आणि ज्यांचं रक्षण करायचं, ती माणसं त्याच्या बाजूला उभी आहेत का?

हे आज कशाला सांगतोय, तर यंत्र आणि त्याच्यासोबत भाड्यानं येणारा माणूस आपल्या जिल्ह्यात आज सुद्धा दिसतो. उसाच्या फडात हार्वेस्टर येतो, त्याच्या केबिनमध्ये दिवसरात्र बसलेला एक ऑपरेटर असतो. जेसीबी येतो, त्याच्यावर कुणाचा तरी मुलगा असतो. आता तर बचत गटातल्या बायका ड्रोन पायलट होतायत, फवारणीच्या कामाला. तुमच्यापैकी कितीतरी जण असंच कौशल्य शिकून दुसऱ्याच्या यंत्रावर बसणार आहात. गाव यंत्राचा फोटो काढतं, रील करतं. आतल्या माणसाला पाणी विचारायचं राहून जातं. आणि त्याची मजुरी हंगाम संपल्यावर बघू, असं सांगितलं जातं.

मलिक-ए-मैदानवर लेख कोरलेले आहेत. ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमीचं नाव आहे. निजामशहाचं नाव आहे. पुढं विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानंही आपलं नाव कोरून घेतलं. ज्यानं ती ठासली, जो टाक्यात बुडी मारायचा, त्या गोलंदाजाचं नाव कुठंच नाही.

म्हणून जाता जाता दोन गोष्टी सांगतो. तुम्ही यंत्रावर बसणारे असाल तर इब्राहिमखानासारखं तोंडावर तारीख विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तुमच्या रानात यंत्र आलं असेल, तर केबिनमधल्याला नावानं हाक मारा आणि ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्या.

परंडा बार्शीपासून जवळ आहे. भुईकोट आहे, चढण नाही, त्यामुळं दमायचं कारण नाही. बुरुजांवर अजूनही तोफा आहेत. गेलात तर तोफेच्या तोंडाशी सेल्फी काढाच, पण एक मिनिट तिच्या मागच्या बाजूला पण उभे रहा, जिथं तो गोलंदाज उभा राहायचा. तिथून समोरचा मुलूख कसा दिसतो ते बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.